कंपनीच्या वतीनं, आपला मेहुणा

तीर्थरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. तसे आपण काल दिवसभर माझ्यापासून सहा हातांवर बसला होतात, दुपारनंतर तीनदा शिंकलात आणि लाकडाच्या भुशाला नावं ठेवलीत, त्यावरून ती उत्तम असावी. माझीही ठीक आहे, उजवा घोटा सोडून. त्याची हकीकत पुढे येईल. ताईला माझा नमस्कार सांगा, मात्र पत्रातलं बाकी काही तिच्या कानावर घालू नका, तिला उगाच घोर लागेल. पत्र लांबणार आहे, तेव्हा टेकून, सावकाश वाचा. रोज एका छपराखाली काम करणाऱ्या मेहुण्याला पत्र लिहायची बुद्धी का व्हावी, असं आपल्या मनात आलं असेल. त्याचंही कारण ओघानं येईल.

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी मी आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, दुकानात येण्याआधी वाचनालयात पुस्तक बदलायला गेलो. तिथल्या वरच्या खिडकीची दोरी तुटली होती आणि वाऱ्यानं झडप आपटत होती. तिथले ग्रंथपाल आपल्याला ठाऊक आहेत (आयुष्यभर कुजबुजून बोलल्यामुळे ते आता भाजीवाल्याशीही कुजबुजतात, आणि महाग घेऊन येतात). ते म्हणाले, “शिडीवाले, आलातच आहात तर तेवढी झडप लावून द्या. शिडी नवीन आहे, तुमचीच आहे.” मी पाहिलं तर खरंच आपली. उजव्या दांड्यावर डागलेला आपला शिक्का, दोन पावलं आणि खाली ‘चढून पाहिली’ ही अक्षरं. स्वतःचं अक्षर ओळखून माणूस जसा मजकूर न वाचता सही करतो, तसा मी तपासल्याशिवाय चढलो. सातव्या पायरीनं पायाखाली कूस बदलली. मी खिडकीची चौकट धरली आणि शिडी माझ्याविना पुढे निघून गेली ती थेट मासिकांच्या कपाटावर जाऊन टेकली.

लोंबकळत असलेल्या माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून अकरा वेळा देवाचं नाव घ्यायची मला सवय, तशी मी सुरुवात केली. अकरा झाली, चौदा झाली, तरी उतरायची सोय दिसेना. खाली ग्रंथपाल कुजबुजत होते, “पडू नका हं, पडू नका.” रोज येणारे एक पेन्शनर वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे बघून म्हणाले, “मधलं पान तुमच्याकडे आहे का?” शेवटी दोन विद्यार्थिनींनी टेबल ओढून आणलं, मी हात सोडले, आणि घोट्यानं आपला निकाल दिला.

खाली बसून मी ती शिडी मांडीवर घेतली. पायऱ्या खोबणीत बसवून पाचर मारलेल्या नव्हत्या. बाहेरून दोन-दोन स्क्रू, आत डिंक, आणि वरून छान पॉलिश. तीस वर्षांत माझ्या पायांनी ही शिडी पाहिली नव्हती. मी विचारलं, कुठून आली? ग्रंथपाल म्हणाले, “तुमचे भाचे स्वतः सोडून गेले. म्हणाले, मामा चढून बघतात, तेव्हाच आम्ही देतो.” दाजी, मला घोट्याचं एवढं वाटलं नाही. घोटे देवानं दोन दिले आहेत. पण माझ्या पायांच्या वतीनं कोणीतरी खोटं बोलून गेलं होतं, आणि पायांना बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता.

आता थोडं मागचं लिहितो. हे सगळं आपल्याला पाठ आहे, पण वकीलबाई म्हणाल्या (होय, त्यांचंही येईल ओघानं) की वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नाही असं धरून लिहा. तर, मी गावची शाळा संपवून एकोणिसाव्या वर्षी ताईच्या घरी आलो तेव्हा आपलं शिड्यांचं दुकान नुकतं उभं राहत होतं. पहिल्याच दिवशी आपण मला एका नव्या शिडीवर चढवलंत आणि खालून म्हणालात, “तुझ्या आईला जिच्यावर चढवशील, तेवढीच शिडी विकायची.” मी वर उभा राहून घाबरून देवाचं नाव घेतलं, आणि तेच पुढे आपल्या दुकानाचं माप झालं. अकरा नावं होईपर्यंत शिडी कुरकुरली नाही की तिला शिक्का. त्यामुळे दिवसाला तीनच शिड्या होतात, यावरून आपण मला ‘महाराज’ म्हणायला लागलात. “महाराज, देवाचं एखादं आखूड नाव नाही का?” हा आपला विनोद आता अठ्ठावीस वर्षांचा झाला, आणि मी अजून हसतो.

मग अकरा वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक आपल्या शिडीवरून पडलं. (शिडी बायकोला धरायला सांगून, तिच्याशीच भांडत चढलं होतं. शिडीचा दोष नव्हता. माझ्या मते बायकोचाही नव्हता.) तेव्हा आपण घाबरून दुकानाची मर्यादित जबाबदारीची कंपनी केलीत. मला समजावून सांगितलंत, “महाराज, कंपनी केली की पडणारा कंपनीवर पडतो, आपल्यावर नाही.” साठ भाग आपले, तीस माझे, दहा ताईचे, आणि कारभारी आपण. शिडी माझी नाही, आपली नाही, कंपनीची, शिक्काही कंपनीचा. मला तेव्हा वाटलं होतं, देवासारखंच आहे हे. दिसत नाही, पण सगळं त्याचं.

त्या मंगळवारी लंगडत दुकानात आलो तेव्हा पहिलं काम म्हणून शिक्का टांगायचा खिळा पाहिला. रिकामा होता. मी विचारण्याआधीच आपण म्हणालात, “शिक्का लोहाराकडे दिलाय, अक्षरं झिजलीत.” आणि घोट्याला काय झालं ते विचारलंत. मी म्हणालो, वाचनालयात पडलो. आपण म्हणालात, “वाचन अति करू नये.” लोहार आमच्या गल्लीतच राहतो, दाजी. संध्याकाळी विचारलं तर त्यानं गेल्या वर्षभरात आपला शिक्का पाहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी चालत शहराच्या दुसऱ्या टोकाला भाच्याच्या नव्या कंपनीच्या गोदामाशी गेलो (एक पाय दुखत असला की अंतर दुप्पट होतं). दाराच्या फटीतून पाहिलं. शिक्का शेगडीत तापत होता आणि शिड्या रांगेत उभ्या होत्या, शाळेत सुई टोचून घ्यायला मुलं उभी राहतात तशा.

आपल्याशी सरळ बोलावं असं मी रोज ठरवलं. सोमवारी म्हणालो, “दाजी, एक विचारायचं होतं.” आपण चष्म्यावरून पाहिलंत, आणि मी विचारलं, डिंक संपत आलाय का? मंगळवारी पुन्हा म्हणालो, एक विचारायचं होतं, आणि पुन्हा डिंकच विचारला. शुक्रवारपर्यंत दुकानात चौदा डबे डिंक झाला. आपण त्याबद्दल मला बोललात, ते योग्यच होतं.

मग मी वकीलबाईंकडे गेलो. शिंप्याच्या दुकानावर त्यांची खोली आहे. खाली मशीन चालू झालं की वर टेबलावरचे कागद थरथरतात, त्यामुळे कायदा जिवंत आहे असं वाटतं. टेबलाचा एक पाय आखूड आहे. बाईंचं वय भाच्याएवढंच, पण बोलणं करवतीसारखं, जाताना कापतं आणि येतानाही. मी सांगितलं, मला दावा लावायचा आहे. त्या म्हणाल्या, “कशाबद्दल? घोट्याबद्दल की शिक्क्याबद्दल?” मी म्हणालो, दोन्ही एकाच शिडीवरून झालं. त्या म्हणाल्या, “काका, घोटा तुमचा, शिक्का कंपनीचा. घोट्याचा दावा तुम्ही लावू शकता. शिक्क्याचा कंपनीनं लावायचा.”

कंपनी दावा कधी लावते, असं मी विचारलं. तर म्हणे, कारभाऱ्यांनी ठरवलं की. कारभारी म्हणजे आपण. म्हणजे शिक्का नेला आपण, आणि नेणाऱ्यावर दावा लावायचा की नाही हे ठरवणार आपण. मी हसलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, अशा वेळेसाठीच कायद्यानं एक वाट ठेवली आहे. कारभारीच हलत नसेल, तर कंपनीचा सभासद कंपनीच्या वतीनं उभा राहू शकतो. पण वाईट घडलं तेव्हा तो सभासद असायला हवा (आहे, अकरा वर्षांपासून). दावा स्वतःचा राग काढायला नको, कंपनीच्या भल्यासाठी हवा. आणि जिंकलं तर जे मिळेल ते कंपनीला, त्याला नाही. “म्हणजे मला काय मिळणार?” मी विचारलं. “तुम्हाला? समाधान,” बाई म्हणाल्या, “आणि घरी जेवणाचं आमंत्रण बंद.”

दाजी, मला ती वाट फार आवडली. एखाद्या गोष्टीसाठी भांडायचं, पण आपल्यासाठी नाही, आणि मिळालेलं आपल्या हाताला लागायचंही नाही. अशी कलमं मी आजवर फक्त कीर्तनात ऐकली होती.

पण आधी एक पायरी आहे. कंपनीला लेखी विचारायचं: बाई गं, तू स्वतः दावा लावतेस का? आणि उत्तराची वाट पाहायची. मी त्याच दिवशी मागणीपत्र लिहिलं, कंपनीच्या पत्त्यावर रजिस्टर केलं आणि दुकानात येऊन बसलो. तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला. दुकानातलं टपाल घ्यायची जबाबदारी माझी, म्हणून मी कंपनीच्या वतीनं सही करून ते घेतलं. फोडलं. वाचलं. अक्षर ओळखीचं वाटलं. मग आलेल्या पत्राला त्याच दिवशी पोच द्यायची आपली शिस्त असल्यामुळे मी उत्तरही लिहिलं: ‘आपलं पत्र मिळालं, मजकूर गंभीर आहे, कारभाऱ्यांपुढे ठेवण्यात येईल.’ ते माझ्या घरी आलं तेव्हा, खरं सांगतो, बरं वाटलं. निदान कोणीतरी दखल घेतली. मूळ पत्र आपल्या टेबलावरच्या त्या ट्रेमध्ये ठेवलं, ज्याच्यात आपण चहाची बशी ठेवता. गेले बारा दिवस ते बशीखाली आहे. वकीलबाईंना मी दोन्ही कागद मोठ्या समाधानानं दाखवले. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाल्या, “काका, तुम्ही स्वतःला नोटीस दिलीत आणि स्वतःच तिला टोलवलंत.”

मग त्यांनी दुसरा उपाय काढला. म्हणाल्या, विचारलंच पाहिजे असंही नाही. विचारून काही उपयोग नव्हता असं शपथेवर सांगितलं, आणि का ते पटवून दिलं, तरी चालतं. आपल्या बाबतीत तर सोपंच आहे: कारभारी आपण, शिक्का नेणारे आपण, नवी कंपनी आपल्या मुलाची. कोर्ट लगेच मानेल. त्यांनी तसं प्रतिज्ञापत्र टाइप करून माझ्यापुढे ठेवलं. चार ओळींचं होतं. ‘मी देवाला स्मरून सांगतो की सदर कारभाऱ्यांना विचारणं सर्वस्वी व्यर्थ ठरलं असतं.’

मी पेन उचललं. खाली शिंप्याचं मशीन सुरू झालं आणि कागद थरथरायला लागला. मी तो तळहातानं दाबून धरला. पण दाजी, ज्या माणसानं मला पहिल्या शिडीवर चढवलं, माझ्या लग्नात माझ्या बाजूनं बोलणी केली, आई गेली तेव्हा तेरा दिवस दुकान बंद ठेवून माझ्याजवळ बसला, त्याला एक गोष्ट विचारणं व्यर्थ आहे, असं मी शपथेवर लिहायचं? मी तर आपल्याला विचारलंच नव्हतं. मी डिंक विचारला होता. आपण खोटं बोललात, मान्य. पण प्रश्न न विचारता उत्तराला व्यर्थ म्हणणं हेही खोटंच, आणि तेही देवाला स्मरून. मी पेन खाली ठेवलं. बाई म्हणाल्या, “मग विचारा. पण ट्रेमध्ये नको.”

म्हणून हे पत्र.

भाच्याचं मला कळतं. आधी त्याचं ते छत्र्यांचं काम बुडालं, मग मत्स्यालयांचं. (मासे वाचले, एवढंच देवाचे आभार.) तिसऱ्यांदा पोरगं पडू नये म्हणून बापानं हाताला लागेल तो आधार खाली सरकवला. बापच तो. मीही सरकवला असता, पण माझा सरकवला असता, कंपनीचा नाही. आणि ना आपला, ना माझा असा आधार लोकांच्या पायाखाली गेलाय. एकतीस शिड्या, दाजी. मी गोदामातल्या गड्याला विचारून घेतलं. एक वाचनालयात, चार रंगाऱ्यांकडे, एक शाळेत, बाकीच्या घराघरांत. शाळेतली गच्चीच्या टाकीला लावलेली आहे, तिच्यावर शिपाई चढतो; त्याला दोन मुली आहेत. हे सगळे शिक्का बघून चढतात. मी स्वतः बघून चढलो, मग त्यांना काय बोल लावायचा?

तेव्हा कंपनीच्या वतीनं, म्हणजे आपल्याच वतीनं, आपल्याला विचारतो: शिक्का परत आणून खिळ्यावर टांगाल का? आणि त्या एकतीस शिड्या परत बोलवाल का? एकेक मी चढून पाहीन. ज्या कुरकुरतील त्यांची पाचर मी मारून देईन, भाच्याला शिकवीन, वेळ लागला तर लागू दे. नाही म्हणालात, तर मला कंपनीचा हात धरून कोर्टात जावं लागेल. तिला पाय नाहीत, म्हणून माझे.

घाई नाही. विचार करून सांगा. लोभ आहेच, तो भागांच्या प्रमाणात नाही.

आपला धाकटा मेहुणा,
महाराज

ता. क. १ : वर ‘घाई नाही’ असं लिहिलंय ते मेहुणा म्हणून. सभासद म्हणून तीस दिवस आहेत, आजपासून. दावा वकीलबाईंनी टाइप करून ठेवलाय, फक्त तारखेची जागा मोकळी आहे. वर कंपनीचं नाव, खाली ‘तिच्या वतीनं’ म्हणून माझं. माझ्यासाठी त्यात काहीही मागितलेलं नाही. घोट्याचा दावा मी लावणार नाही, त्याची सूज उतरली.

ता. क. २ : ताईला काही सांगू नका असं लिहिलं होतं, ते रद्द समजावं. काल ती माझ्याकडे आली असता तिनं हे पत्र माझ्या उशीखालून काढून वाचलं. आपल्याबद्दलची दोन कडू वाक्यं तिनं खोडली, आणि एक गोडही खोडलं, म्हणाली हे त्यांना डोक्यावर चढवेल. मग म्हणाली, “दहा भाग माझे आहेत, आणि बाकी नवराही माझाच आहे. सही कुठे करू?” मी म्हणालो, ताई, दावा झाला तर घरात काय होईल? ती म्हणाली, “घरात मी आहे. दाव्यात तू राहा.” तिची सही माझ्या सहीच्या वर आहे, कारण ती मोठी. या पत्राची एक प्रत रजिस्टरनं आपल्या घरी येईल. पोच तीच सही करून घेणार आहे, तेव्हा बशीखाली जाण्याची भीती नाही.

ता. क. ३ : व्यर्थ ठरलं असतं असं म्हणणाऱ्या त्या प्रतिज्ञापत्राची मी चार घड्या घातल्या आणि वकीलबाईंच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलं. टेबल आता हलत नाही. बाईंनी फी थोडी कमी सांगितली.

ता. क. ४ : वर ‘टेकून वाचा’ असं लिहिलं होतं, पण आपण हे बहुधा टेकून वाचत नसाल. आज पहाटे ताईनं तिच्याकडची भाच्याच्या गोदामाची किल्ली दिली. आत जाऊन सगळ्यात उंच शिडी भिंतीला लावली, वर दोरीनं बांधली, चढलो आणि हे पत्र तिच्या शेवटच्या पायरीला सुतळीनं बांधलं. खाली चिठ्ठी ठेवली आहे, ‘दाजींसाठी, वर’. आपण शिडी सोडवून, आडवी करून हे काढलं असेल, तर आपल्याच शिडीवर चढायला आपले पाय धजले नाहीत, आणि कोर्टाला मी आणखी काही सांगायची गरज नाही. आणि चढून आला असाल, तर घाबरू नका. ही एक मी चढून पाहिली आहे. वर उभा राहून अकरा नावं घेतली, मग आपलं बारावं घेतलं. एका हातानं दांडा धरा आणि सावकाश उतरा. शेजारच्या दहांवर अजून कोणीच चढलेलं नाही.

विचारायचं होतं, ते विचारलं.